केसांसाठी माडाचे व्हिनेगर : उपयोग, प्रमाण आणि मर्यादा

गोव्याच्या स्वयंपाकघरात माडाच्या व्हिनेगरला जुने स्थान आहे. सोरपोतेल, विंदालू, बालचांव, चौरीस यांची चव त्याच्यावरच उभी असते. अलीकडे मात्र ही बाटली स्वयंपाकघरातून न्हाणीघरातही गेली आहे. केस धुतल्यानंतर शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळायचे आणि ते पाणी केसांवरून ओतायचे, असा हा प्रघात आहे. त्यामुळे केस मऊ होतात, चमकतात आणि त्यांतील गुंता सहज सुटतो, असा वापरणाऱ्यांचा अनुभव असतो. त्याच्याच जोडीने केसगळती थांबते, कोंडा नाहीसा होतो, उवा मरतात, पांढरे केस काळे होतात, असेही सांगितले जाते.

या दाव्यांपैकी पहिल्या गटाला रसायनशास्त्राचा आधार आहे. दुसऱ्या गटाला तो नाही. शिवाय पहिला फायदाही प्रमाण पाळले तरच मिळतो. न पाळल्यास डोक्याची कातडी भाजते. म्हणूनच हे व्हिनेगर कशाचे बनते, केसांवर ते काय करते, किती पाण्यात किती घालावे आणि बाटली विकत घेताना काय पाहावे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

विनाग्र, शिरका आणि सूर

कोकणीत याला ‘विनाग्र’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. मराठीतील ‘शिरका’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या स्वयंपाकातील द्राक्षमद्याची आणि त्याच्या व्हिनेगरची जागा येथील माडाच्या सुरेपासून बनणाऱ्या व्हिनेगरने घेतली. मद्य आणि लसूण यांत मांस मुरवण्याच्या पोर्तुगीज पद्धतीपासून आजचा विंदालू घडला, तो याच अदलाबदलीतून.

या व्हिनेगरची लेखी नोंदही जुनी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडावरील प्रकरणात सुरेचा उल्लेख येतो आणि ती उन्हात ठेवून तिचे व्हिनेगर करतात, असेही सांगितलेले आहे. पणजीतील महापालिकेचे उद्यान याच वैद्याच्या नावाने ओळखले जाते.

माडावरून बाटलीपर्यंत

माडाच्या न उमललेल्या पोयीतून जो गोड रस ठिबकतो, त्याचीच पुढे सूर होते. रेंदेर ही पोय दोरीने घट्ट बांधतो, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करतो आणि तिचे टोक धारदार कातीने छेदतो. पोयीला बांधलेल्या मडक्याला कोकणीत ‘दामोणें’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळ त्यातील रस उतरवायचा आणि दुपारी पुन्हा वर जाऊन पोयीची पातळ चकती कापायची, असे दिवसातून तीनदा माडावर चढावे लागते. मडक्याला आतून चुना लावला, तर रस आंबत नाही आणि नीरा मिळते. चुना न लावल्यास रस काही तासांतच आंबू लागतो.

ताज्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. हवेतील आणि मडक्यातील यीस्ट या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते, हीच सूर. ती तशीच उघडी राहिली की ॲसेटोबॅक्टर कुळातील जिवाणू कामाला लागतात. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने ते मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. म्हणून व्हिनेगरची बरणी घट्ट झाकत नाहीत. तिच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधतात. काही आठवड्यांत आंबटपणा येतो आणि काही महिन्यांत तो पक्का होतो. बरणीत वर तरंगणारा किंवा तळाशी बसणारा जिलेटिनसारखा पातळ पापुद्रा हा जिवाणूंचाच थर असतो. तो खराबीचे लक्षण नव्हे.

बाजारात ‘कोकोनट व्हिनेगर’ या नावाने आणखी एक पदार्थ मिळतो. तो नारळाच्या पाण्यापासून केलेला असतो. पक्व नारळाच्या पाण्यात साखर फार कमी असल्यामुळे आंबवण्यापूर्वी त्यात वरून साखर घालावी लागते. फिलिपाईन्समध्येही सुरेचे आणि नारळपाण्याचे अशी दोन वेगळी व्हिनेगरे प्रचलित आहेत. चवीत दोघांत फरक आहे. केसांच्या बाबतीत मात्र काम करणारा घटक दोन्हींत एकच, तो म्हणजे ॲसेटिक आम्ल.

केसांवर नेमके काय घडते

केसाच्या बाहेरील आवरणाला क्यूटिकल म्हणतात. मंगळुरी कौलांच्या छपरावर जशी एकावर एक कौले चढवलेली असतात, तसे त्याचे सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. खवले नीट बसलेले असले की पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि केस चमकतात. ते उचलले गेले की केस केसाला अडकतो, गुंता होतो आणि विंचरताना केस तुटतात.

हे खवले उचलले जाण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अल्कधर्मी पाणी किंवा साबण. एखादा द्राव आम्ल आहे की अल्कधर्मी, हे सामू म्हणजेच पीएच या मापाने मोजतात. ७ हा मध्यबिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. डोक्याच्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. केसाच्या पृष्ठभागावरील विद्युतभार ज्या सामूला समतोल होतो, तो त्याहून खाली, सुमारे ३.७ इतका आहे. द्रावाचा सामू त्यापेक्षा जसजसा वर जातो, तसतसा केसावरील ऋणभार वाढतो, केस एकमेकांना दूर लोटतात, खवले उचलले जातात आणि घर्षण वाढते.

अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. ब्राझीलमधील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पू तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाम्पूंचा सामू ३.५ पासून ९ पर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे ‘शाम्पू’ हे एकच नाव असले, तरी काही शाम्पू केसांना मानवणारे आहेत आणि काही साबणाइतकेच अल्कधर्मी. अशा अल्कधर्मी धुण्यानंतर सौम्य आम्लाचे पाणी केसांवरून गेले, तर सामू पुन्हा खाली येतो आणि खवले बसण्यास मदत होते. व्हिनेगरच्या पाण्याचा जो गुण अनुभवास येतो, त्याचे मर्म एवढेच आहे.

यातून एक उपसिद्धांत निघतो. ज्यांचा शाम्पू मुळातच आम्लधर्मी आहे आणि जे त्यानंतर कंडिशनर लावतात, त्यांना व्हिनेगरने फारसा फरक जाणवणार नाही. कंडिशनरचा सामूही आम्लाकडे झुकलेलाच ठेवतात. शिवाय त्यातील धनभारित घटक केसाला चिकटून राहतात, ते काम व्हिनेगर करू शकत नाही. साबणाने केस धुणाऱ्यांना आणि जड पाणी वापरणाऱ्यांना मात्र फरक स्पष्ट दिसतो.

आधी पाणी पाहावे

जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असलेले, साबणाला सहज फेस न येणारे पाणी. अशा पाण्यात साबण वापरला की क्षार आणि साबण मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या काठावर जी पांढुरकी कड धरते, ती यामुळेच. हाच साका केसांवर बसतो आणि केस राठ, निस्तेज लागतात. सौम्य आम्ल हा थर सैल करते.

गोव्यात जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा हलके असते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींत मात्र खारेपणा शिरतो. घाटमाथ्यापलीकडे बेसाल्ट खडकात खोदलेल्या बोअरवेलचे पाणी अनेकदा जड असते. सोलापूर-लातूरकडील किंवा माळव्यातील धार, देवास येथील मराठी घरांत केस धुताना हा अनुभव नवा नाही. सुटीत गोव्यात आल्यावर तोच साबण अधिक फेसाळतो आणि केस हलके वाटतात, त्यामागे हवेपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो.

पाण्याच्या या स्वभावाचा प्रमाणाशीही संबंध आहे. जड पाण्यातील बायकार्बोनेट क्षार आम्लाचा काही भाग निष्प्रभ करतात. त्यामुळे एक लिटर जड पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घातल्यास सामू चारच्या वर राहतो, तर हलक्या पाण्यात तेवढ्याच व्हिनेगरने तो साडेतीनपर्यंत उतरतो. जड पाण्याच्या गावातील प्रमाण गोव्यातील विहिरीच्या पाण्याला जसेच्या तसे लागू करू नये. येथे थोडे कमीच पुरते.

प्रमाण आणि कृती

न मिसळलेल्या व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास असतो. सामूचे माप दहापटीने चालते. त्यामुळे अडीच सामूचा द्राव साडेचार सामूच्या द्रावापेक्षा शंभरपट आम्ल असतो. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर ‘थोडे जास्त घातले तर काय बिघडते’ हा प्रश्न उरत नाही.

सुरक्षित प्रमाण असे धरावे : एक लिटर पाण्यात दोन ते तीन चहाचे चमचे, म्हणजे १० ते १५ मिलिलिटर व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये ४ टक्के ॲसेटिक आम्ल असेल, तर १५ मिलिलिटरच्या या मिश्रणात ते सुमारे ०.०६ टक्के एवढे उरते. कोरडे, रंगवलेले किंवा कुरळे केस असल्यास दोन चमच्यांपासूनच सुरुवात करावी. घरगुती व्हिनेगरची तीव्रता ठाऊक नसते. जुने मुरलेले व्हिनेगर अधिक तीव्र असू शकते. त्यामुळे तेथेही कमी प्रमाणच योग्य. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या पीएचच्या कागदी पट्ट्यांनी मिश्रण तपासता येते. रंग साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान आला पाहिजे.

वापरण्याची पद्धत पुढीलप्रमाणे.

१. प्रथम वापरापूर्वी तयार मिश्रणाचे थोडे पाणी कोपराच्या आतील बाजूस लावून २४ तास वाट पाहावी. लाली, खाज किंवा जळजळ झाल्यास पुढे जाऊ नये.

२. व्हिनेगर स्वच्छ कपड्यातून गाळून घ्यावे, म्हणजे त्यातील साका केसांत अडकत नाही.

३. मिश्रण प्रत्येक वेळी ताजे करावे. ते काचेच्या, प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करावे. तांब्या-पितळेचा तांब्या किंवा ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, कारण आम्लाची या धातूंवर क्रिया होते.

४. केस नेहमीप्रमाणे धुऊन साबण किंवा शाम्पू पूर्ण निघून जाऊ द्यावा.

५. डोके मागे झुकवून, डोळे मिटून, मिश्रण केसांच्या मध्यापासून टोकांकडे ओतावे. टाळूवर चोळण्याची गरज नाही.

६. एक-दोन मिनिटांनंतर साध्या पाण्याने केस पुन्हा धुवावेत. वास केस वाळेपर्यंत निघून जातो.

७. आठवड्यातून एकदा एवढे पुरे. रोज केल्याने लाभ वाढत नाही, केस कोरडे मात्र होतात.

टोकांवर भर देण्यामागे कारण आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरहून किंचित अधिक वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाचे टोक चार-पाच वर्षांचे जुने असते. ऊन, कंगवा, साबण, रंग या सगळ्यांचा मारा त्याने सोसलेला असतो. मुळाजवळचा केस नवा असतो; त्याला या उपचाराची गरजही नसते.

जे होत नाही

केसगळती. केस मुळाशी, त्वचेखालील कूपात तयार होतो. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. दोन मिनिटे वरून वाहून जाणारे पाणी कूपापर्यंत पोहोचत नाही. केसगळतीमागे रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, बाळंतपण, डेंगीसारखा मोठा ताप किंवा आनुवंशिकता अशी कारणे असतात. तीन महिन्यांहून अधिक काळ केस गळत असतील, तर तपासणी करून घेणेच शहाणपणाचे.

कोंडा. कोंड्याशी मॅलेसेझिया नावाच्या, त्वचेवरील तेलावर जगणाऱ्या यीस्टचा संबंध आहे. त्यावर कीटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड असलेल्या शाम्पूंचा उपयोग सिद्ध झालेला आहे. व्हिनेगरच्या पाण्याने सैल झालेले पापुद्रे धुऊन जातात आणि एक-दोन दिवस डोके स्वच्छ वाटते. तो उपचार नव्हे.

उवा. शाळकरी मुलांच्या डोक्यावर व्हिनेगर लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उवांवरील सहा घरगुती उपाय तपासले गेले. त्यांत व्हिनेगर सर्वांत निष्प्रभ ठरले. बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध यांना पर्याय नाही.

पांढरे केस. केसाचा रंग कूपातील रंगद्रव्यावर अवलंबून असतो. आम्लाने तो परत येत नाही.

जीवनसत्त्वे. माडाच्या व्हिनेगरमध्ये खनिजे, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे असल्याचा गाजावाजा जाहिरातींतून होतो. ती असली तरी निर्जीव केस त्यांचे पोषण घेऊ शकत नाही.

नारळाच्या दोन देणग्यांपैकी केसांच्या बाबतीत अधिक भक्कम पुरावा आहे तो खोबरेल तेलाच्या बाजूने. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली. केसांतील प्रथिनांची झीज केवळ खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाली. हा अभ्यास मॅरिको या तेल-उत्पादक कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. पावसाळ्यातील दमट हवेत फुगणाऱ्या केसांना व्हिनेगरपेक्षा धुण्यापूर्वी लावलेले थोडे तेल अधिक उपयोगी पडते.

धोके आणि काळजी

‘नैसर्गिक’ या शब्दाने सावधपणा सैल होतो, आणि अपघात तेथेच होतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका त्वचाविज्ञान नियतकालिकात चौदा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. नाकावरील तीळ घालवण्यासाठी तिने सफरचंदाचे व्हिनेगर न मिसळता लावले आणि त्वचेवर रासायनिक भाजल्याची जखम झाली. व्हिनेगर सफरचंदाचे असो वा माडाचे, त्यातील आम्ल तेच.

विरल केलेले व्हिनेगरही सर्वांना मानवतेच असे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ जणांनी दोन आठवडे रोज दहा मिनिटे एक हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवला. त्या पाण्यात ॲसेटिक आम्ल ०.५ टक्के होते. त्यांपैकी १६ जणांना त्वचेवर त्रास जाणवला. इसबाच्या रुग्णांच्या त्वचेत सुधारणाही झाली नाही. एक भाग व्हिनेगर आणि सात भाग पाणी मिसळले की साधारण हीच तीव्रता येते. समाजमाध्यमांवर ‘निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर’ असे जे प्रमाण फिरते, ते याच्या चौपट तीव्र आहे.

डोक्यावर जखम, फोड, इसब किंवा सोरायसिस असलेल्यांनी, नुकताच केसांना रंग लावलेल्यांनी अथवा केस सरळ करून घेतलेल्यांनी हा प्रयोग टाळावा. लहान मुलांच्या डोक्यावर तो करू नये. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनयुक्त स्वच्छतेच्या द्रवाजवळ व्हिनेगर कधीही नेऊ नये. दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघरात या बाटल्या शेजारी शेजारी असतात, म्हणून ही सूचना महत्त्वाची.

मिश्रण डोळ्यांत गेल्यास लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढावी. डोळा चोळू नये. लाली किंवा दुखणे राहिल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

लिंबू, ताक की शिकेकाई?

केस धुतल्यावर आंबट काहीतरी वापरण्याची रीत आपल्याकडे नवीन नाही. शिकेकाईचा काढा स्वतःच सौम्य आम्लधर्मी असतो. त्याने केस धुतल्यास वेगळे व्हिनेगर लागत नाही. ताकाचा सामू साडेचारच्या आसपास असतो, म्हणून ते सौम्य; पण त्यातील दुधाचे घन कण केसांत राहतात आणि ते नीट न धुतल्यास वास येतो. लिंबाचा रस व्हिनेगरइतकाच किंवा अधिक तीव्र असतो. त्यात आणखी एक धोका आहे. लिंबाच्या सालीतील आणि रसातील काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. उन्हात फिरणाऱ्यांनी लिंबापेक्षा विरल व्हिनेगर निवडणे बरे.

बाटली पारखताना

व्हिनेगर दोन प्रकारचे असते : आंबवून केलेले आणि कृत्रिम. कृत्रिम व्हिनेगर म्हणजे कारखान्यात तयार झालेले ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला द्राव. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार दोन्हींत किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये वरून ॲसेटिक आम्ल घालण्यास मनाई आहे, आणि कृत्रिम व्हिनेगरच्या बाटलीवर ते ॲसेटिक आम्लापासून बनवलेले कृत्रिम व्हिनेगर असल्याचे स्पष्ट छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे नावातील ‘कोकोनट’ या शब्दाआधी बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि इतरत्र पुन्हा वापरलेल्या बाटल्यांतून विनालेबल व्हिनेगर विकले जाते. तेथे नजरेवर आणि विक्रेत्यावर भिस्त ठेवावी लागते. सुरेचे ताजे व्हिनेगर किंचित गढूळ, फिकट पांढुरके असते. मुरल्यावर ते मधाच्या रंगाकडे झुकते. तळाशी साका दिसतो. वास आंबट असला तरी त्यात सुरेचा गंध ओळखू येतो. पाण्यासारखा नितळ, नाकात एकदम झोंबणारा आणि बाकी कोणताही गंध नसलेला द्राव बहुधा कृत्रिम असतो. मात्र जळक्या साखरेने त्यालाही रंग देता येतो, म्हणून केवळ रंगावर विश्वास टाकू नये.

केसांवर परिणाम करणारे आम्ल दोन्हींत सारखेच असताना हा भेद का करावा, असा प्रश्न पडू शकतो. पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. आंबवण्याच्या क्रियेने तयार होणाऱ्या आम्लाला नैसर्गिक मर्यादा असते. सुरेत जेवढा मद्यार्क, त्या प्रमाणातच आम्ल. कृत्रिम द्राव मात्र कोणी कोणत्या तीव्रतेच्या आम्लापासून आणि किती पाणी घालून केला, यावर अवलंबून असतो. लेबल नसलेल्या बाटलीत मिसळण्यात चूक झालेली असेल, तर ती डोक्यावर ओतल्यावरच कळते.

दुसरे कारण पुरवठ्याचे. माड छेदण्यासाठी अबकारी खात्याचा परवाना घ्यावा लागतो. उंच माडावर दिवसातून तीनदा, पावसापाण्यातही चढण्याचे हे काम जोखमीचे आहे, आणि रेंदेरांच्या पुढच्या पिढीतील अनेकांनी ते सोडले आहे. छेदलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत, म्हणून भाटकारालाही दोन उत्पन्नांत निवड करावी लागते. पाव आणि सान्नां आंबवण्यासाठी एकेकाळी लागणाऱ्या सुरेची जागा बहुतेक ठिकाणी यीस्टने घेतली. सूर कमी झाली की अस्सल व्हिनेगर कमी होते, आणि मागणी मात्र वाढत राहिली की ती पोकळी कृत्रिम द्रावाने भरली जाते. केसांसाठी नव्याने निर्माण झालेली मागणी रेंदेरापर्यंत पोहोचायची असेल, तर गिऱ्हाईकाने बाटलीत काय आहे, हे विचारले पाहिजे.

थोडक्यात

व्हिनेगरचे पाणी हा केस धुण्याचा शेवटचा, ऐच्छिक टप्पा आहे, औषध नव्हे. एक लिटर पाण्यात दोन ते तीन चहाचे चमचे, आठवड्यातून एकदा, केसांच्या लांबीवर, एक-दोन मिनिटे आणि मग साधे पाणी, एवढे पाळल्यास साबणाने राठ झालेले केस मऊ होतात. जळजळ झाल्यास लगेच थांबावे. कोंडा, उवा, केसगळती यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उरलेली बाटली काचेची असावी, तिचे झाकण प्लॅस्टिकचे असावे आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.